शून्याला बोट नाही

"नई सांगू," आबा म्हणाले, आणि मग फोनवर बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. म्हटलं, आबा, मी दिपमाला बोलतेय. आत्ता तुमच्या मोबाइलवर एक मेसेज आला असेल, त्यात सहा आकडे असतील, ते फक्त मला वाचून दाखवा. "उना शे," ते म्हणाले, "देखी ऱ्हायनू." मग वाचा ना. "नई सांगू माय. तूच सांगेल शे, कोनले सांगू नका. मी इचारं तरी सांगू नका, आसं बी तूच सांगेल शे." इकडे लॅपटॉपवर दहा मिनिटांचं उलटं घड्याळ पळत होतं. नऊ मिनिटं मी त्यांना समजावलं, विनवलं, शेवटी थोडी चिडलेसुद्धा, आणि आबा प्रत्येक वेळी तेच म्हणाले, तेही अगदी प्रेमानं. मग पानावर लाल अक्षरात मुदत संपल्याचं आलं. जळगावच्या त्या स्वयंपाकघरात लताआत्या कळण्याची भाकरी थापत होती. काय झालं ग, तिनं न वळताच विचारलं. मी म्हटलं, काही नाही, माझ्या आजोबांनी मला चोर ठरवलंय.

आता हा ओटीपी आबांच्या मोबाइलवर गेलाच का, तर तोही माझाच शहाणपणा. डिसेंबरात मी धुळ्याला त्यांच्या बाजेवर बसून दोन विद्यापीठांचे फॉर्म भरले होते, सायबर सुरक्षेच्या पदवीचे. एक शिरपूरचं, एक गांधीनगरचं. मोबाइल नंबराच्या चौकटीपाशी आले आणि थांबले, कारण माझा नंबर त्या वर्षात दोनदा बदलला होता, आणि माझे बाबा, नवल पाटील, दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असतात तेव्हा त्यांचा फोन कपाटात असतो. आबांचा नंबर मात्र त्यांनी पहिला मोबाइल घेतला तेव्हापासून तोच. तो मला माझ्या नावासारखा पाठ. टाकला. दोन्हीकडं टाकला. संगणकांच्या कुलुपांचं शास्त्र शिकायला निघालेली मुलगी, आणि तिनं स्वतःच्या दाराची किल्ली नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवरच्या एका म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात ठेवून दिली. दोन्ही विद्यापीठांनी मला घेतलं होतं, दोघांनाही आज संध्याकाळी पाचपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. हेल्पलाइनवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली की नंबर बदलता येतो, तीन कामाचे दिवस लागतात.

आणि खरं सांगायचं तर, सकाळी मी ज्याचा ओटीपी मागवला तो शिरपूरचा होता. ठरवून मागवला नव्हता. आठ दिवस डोक्यात तेच तेच दळण चालू होतं, म्हणून दात उपटून घेतात तसं एकदाचं संपवायला गेले होते. शिरपूर म्हणजे धुळ्याहून एसटीनं तास-सव्वा तास. आबांकडं राहायचं, सकाळी जायचं, संध्याकाळी त्यांना भाकरी करून घालायची. आई मी चौथीत असताना गेली, बाबांच्या तीन पाळ्या, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मला आबांनीच वाढवलं. एकट्या पुरुषमाणसानं. माझ्या वेण्या ते घालायचे, आणि त्या बैलाच्या म्होरकीसारख्या घट्ट बसायच्या. अकरावीला मी क्लाससाठी आत्याकडं जळगावला आले. जानेवारीत आबांना हलका झटका आला. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून झोपल्यासारखी आहेत. जळगावला या म्हटलं तर येत नाहीत, दीपनगरला तर नावच नको, तिथं झोपेत पण चिमण्या धूर सोडतात म्हणतात. काल बाबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, तुझं तू ठरव, फक्त आबांचा विचार कर. बाबांचं हे 'फक्त' असतं. त्यात सगळंच येतं.

मी पुन्हा फोन लावला. आबा, माझा आवाज ओळखता ना तुम्ही? "वळखस ना," ते म्हणाले. मग? "आवाज तुना शे. पन तू शे का, हाई मी कसं सांगू?" आणि हेसुद्धा मीच त्यांना शिकवलं होतं, दिवाळीत. आजकाल कुणाचाही आवाज हुबेहूब करता येतो आबा, नातीच्या आवाजात फोन आला तरी फसू नका. त्याआधी एकदा त्यांना बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा तरी फोन आला होता, ओटीपी सांगा म्हणून. आबांनी त्या माणसाला पाऊण तास लटकवलं. तू आधी तुझा सांग, मग मी माझा सांगतो, एवढं एकच धरून बसले. शेवटी चोरच कंटाळून गेला. मी हसून हसून लोळले, मग घाबरले, आणि त्यांच्या बैलबाजाराच्या भाषेत एकदाच पक्कं सांगायचं म्हणून म्हटलं होतं, "आबा, ओटीपी म्हणजे रुमालाखालचा भाव समजा." त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला होता. असं होय, म्हणाले. आधी सांगायचं ना. "मग आता काय करू मी?" मी फोनवर विचारलं. "ये ना आठे," आबा म्हणाले. "रुमाल शे मनाजोडे. आज बाजार शे, मी तठेच ऱ्हासू."

म्हणजे प्रकार असा होता की सहा आकडे घ्यायला मला धुळ्याला जायचं होतं. आत्या म्हणाली, म्हातारा चळला. पिशवीत लॅपटॉप टाकला, तिनं दिलेली भाकरी-ठेचा घेतला, आणि साडेदहाच्या एसटीत खिडकीशी बसले. जूनचा पहिला आठवडा, गरम वारा सरळ तोंडावर. रागानं माझे कान तापले होते. एरंडोल येईपर्यंत मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते, त्यांना हट्टी, अडाणी, काय काय म्हणून घेतलं. एरंडोल गेलं आणि तो राग कुठं गळून पडला ते कळलं नाही. त्याच्या जागी काहीतरी दुसरंच येऊन बसलं. मला हळूहळू दिसायला लागलं की आबांनी आज सकाळी एकही चूक केली नव्हती. जे जे करायला हवं ते ते त्यांनी केलं. गुपित दिलं नाही. आवाजावर विश्वास ठेवला नाही. माणूस तोच आहे याची खात्री पटेल अशी एकच वाट त्यांच्याकडं होती आणि ती त्यांनी मला दाखवली. मी ज्याची पदवी घ्यायला चार वर्षं देणार, ते तो माणूस बाजेवर बसून, चहा पीत करत होता. मला अंगावर शहारा आला, एवढ्या उन्हात. शेजारची बाई म्हणाली, ताप आहे का बाई तुला?

आबा बैलांचे दलाल. होते म्हणायला हवं, जानेवारीपासून ते सौदे करत नाहीत, पण बाजार चुकवत नाहीत. पाचवीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले. धूळ, शेण, घुंगरं, आणि हजार माणसांचा कालवा. त्या कालव्यात दोन दलाल समोरासमोर उभे राहायचे, एक जण खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल काढून हातांवर टाकायचा, आणि दोघांचे उजवे हात त्याच्याखाली जायचे. मग सगळं बोलणं तिथं. वर तोंडानं ते पाऊसपाण्याचं बोलत असायचे, मुलीच्या लग्नाचं बोलायचे, नाहीतर गप्प, आणि खाली बोटं बोट धरत असायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. पाच म्हणजे अख्खा पंजा. सहा म्हणजे पंजा आणि वर एक बोट. अंगठ्यानं तळव्यावर दाबलं की आकडा संपला. ते एक म्हणजे शंभर की हजार, हे त्यांचं त्यांना ठाऊक. बैलवाला तिथंच उभा, घेणारा तिथंच उभा, भोवती दहा टाळकी डोळे लावून, आणि कुणालाही काही कळत नाही. मी अकरा वर्षांची होते. मला ते बघून रडू येईल असं झालं होतं. भीती नव्हती, आनंद पण नव्हता. असं काही जगात असतं, आणि भर दुपारी सगळ्यांच्या देखत असतं, त्याचंच ते होतं. देवळात मला कधी तसं वाटलेलं नाही.

त्या सुट्टीत आबांनी मला बोटं शिकवली. पुढं आमचं घरातलं बरंचसं बोलणं रुमालाखाली व्हायला लागलं. किती भाकरी खाणार. गणितात किती पडले. पाहुणे समोर बसलेले असताना आबा रुमाल टाकायचे आणि मला विचारायचे, हे किती वेळ बसतील वाटतं, आणि मी दोन बोटं धरायची, दोन तास, आणि आम्ही दोघं तोंडं सरळ ठेवून बसायचो. एकदा मी विचारलं होतं, आबा, शून्य कसं करायचं? ते म्हणाले, शून्याला काय भाव? ज्याला भाव नाही त्याला बोट नाही. हे मला पटलं नव्हतं. मी तेव्हापासूनच तशी, एखाद्या गोष्टीला भोक दिसलं की तिथंच बोट घालत बसणारी. आठवडाभर मी शून्याला खूण शोधत होते, मूठ करून बघितली, करंगळी वाकवून बघितली. आबा म्हणायचे, राहू दे ना बेटा, बाजार शून्यावाचून चाललाय इतकी वर्षं.

आणि हे सगळं मी विकलं. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली, चहावाले खिडक्यांशी आले, आणि तिथं ती गोष्ट पुन्हा समोर आली, जी आठ दिवस मी कुणाला सांगितली नव्हती. गांधीनगरची मुलाखत मेमध्ये झाली होती, लॅपटॉपवर, आत्याच्या गच्चीवरच्या खोलीत, मागं चादर बांधून. पलीकडं तिघंजण. त्यांतल्या एका मॅडमनी विचारलं, समजा दोन माणसांना गर्दीत, सगळे बघत असताना, एकमेकांना गुपित सांगायचंय. कसं सांगतील? याचं उत्तर पुस्तकात आहे. मला पाठही होतं. पण त्या क्षणी पुस्तकातलं एक अक्षर आठवेना आणि तोंडातून आबांचा रुमाल बाहेर पडला. मग थांबताच येईना. एक ते नऊ सगळी बोटं मी त्यांना सांगितली, अंगठा सांगितला, वर पाऊसपाण्याचं बोलतात तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं धरून बघायला लागल्या, लहान मुलीसारख्या. मग म्हणाल्या, दोन संगणक एकमेकांशी गुपित बोलण्याआधी जे करतात त्याला आम्ही हँडशेक म्हणतो, ठाऊक आहे ना? मला ठाऊक होतं. पाच वेळा वाचलं होतं. पण हँडशेक म्हणजे हात हातात घेणं, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, आणि शून्य? मी म्हटलं, मॅडम, शून्याला खूण नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, शोधा, आणि इथं आलात तर मला सांगा.

दहा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मी नाचले, आत्यानं पेढे आणले, आणि रात्री नव्हे, तिथल्या तिथं, पेढा तोंडात असतानाच मला वाटलं की हे मी माझ्या हुशारीवर मिळवलेलं नाही. आबांचं एक वाक्य होतं, रुमालाखालचं रुमालाखालीच. तोताराम नावाचा त्यांचा भागीदार एकदा दारूच्या भरात एक भाव बोलून गेला, तर आबांनी बारा वर्षांची भागी त्या दिवशी मोडली. आणि मी तीन अनोळखी माणसांपुढं अख्खा रुमालच उचलून दाखवला. गांधीनगरला जायचं तर त्या पैशांनी, म्हणजे पैसे कुठले, त्या चोरीवर जायचं. आणि शिरपूरला जायचं ते प्रायश्चित्त म्हणून. असं सगळं मनात. वर मी बाबांना, आत्याला, सगळ्यांना सांगत होते की फी बघतेय, वसतिगृह बघतेय, नोकऱ्या कुठं लागतात ते बघतेय. लबाड मुलगी.

धुळ्याला पोचले तेव्हा एक वाजला होता. रिक्षा करून बाजारात गेले. आबा कडुलिंबाखाली दगडावर बसले होते, टोपी, बंडी, खांद्यावर रुमाल. जानेवारीनंतर ते आणखी बारीक झालेत. मला बघून उठले नाहीत, नुसतं बाजूला सरकून जागा केली, जणू मी पाण्याला गेले होते आणि आले. "उनी?" म्हणाले. आले, म्हटलं. आता पटलं ना मीच आहे? त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मग माझी वेणी ओढली, तशीच, लहानपणी ओढायचे तशी. "पटनं," म्हणाले. समोर एक खिल्लारी जोडी उभी होती, दोघंही त्यांच्याकडं बघत बसलो. मी भाकरी सोडली. त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. उजवा हात मांडीवर पडलेला होता, आणि मी तो बघत नाही असं दाखवत होते.

मग मी सांगून टाकलं. म्हटलं आबा, मी एक वाईट गोष्ट केली. बोटं सांगितली मी, मुलाखतीत, सगळी. परक्या माणसांना. त्यांनी घास चावत माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हेही उठून जातील, तोतारामाला सोडलं तसं. "कसानी बोटं?" आपली. रुमालाखालची. एक म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, सगळं. आबा हसले. इतके हसले की ठसका लागला, मला पाणी द्यावं लागलं. मग तोंड पुसून म्हणाले, "बोटं ते बठ्ठा बाजारले माहीत शेतस, माय. पोरंसोरंसले बी माहीत शेतस. भाव माहीत नई कोनले."

गांधीनगरच्या मॅडमनी मुलाखतीत दहा मिनिटं खर्चून मला हेच सांगितलं होतं, की या शास्त्राचा पाया एका वाक्यात आहे, दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय. पद्धत साऱ्या जगाला कळली तरी चालेल, किल्ली तेवढी लपलेली पाहिजे. मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आणि हा माणूस, ज्याला आकडे येतात पण अक्षर एक येत नाही, जो आलेल्या प्रत्येक मेसेजातून फक्त आकडे वेचतो आणि बाकीचं काळं काळं सोडून देतो, तो कांद्याची फोड खाता खाता मला तेच सांगत होता. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, त्यांनी विचारलं असतं काय झालं. पण बाजार एकदम मोठा दिसायला लागला, घुंगरांचा आवाज लांबून कुठून तरी येतोय असं वाटलं, आणि मी किती लहान आहे आणि किती नशीबवान, दोन्ही एकदम कळलं.

"दोन गाहक शेतस ना?" आबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि आमच्या दोघांच्या मांड्यांवर पसरला. आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून त्याच्याखाली ठेवला. मी म्हटलं, आबा, डावा घ्या ना. "सौदा उजवा हातनाच," म्हणाले. मी माझा हात आत घातला. रुमालाखाली सावली होती आणि त्यांचा तळवा कोरडा, खरखरीत, ओळखीचा. "शिरपूर," ते म्हणाले, बैलांकडं बघत. "दहामां कितला? बोल." बसमध्ये मी ठरवून आले होते. शिरपूरला आठ, गांधीनगरला सात. आबांना बरं वाटेल, आणि फार खोटंही दिसणार नाही. मी त्यांचा पंजा धरला, मग तीन बोटं, मग अंगठा दाबला. आठ. "गांधीनगर." पंजा, दोन बोटं, अंगठा. सात. एक जण येऊन त्यांना रामराम घालून गेला, त्यांनीही घातला, डाव्या हातानं.

"खोटं शे," मग ते म्हणाले. मी म्हटलं, काय खोटं? तर म्हणाले, शिरपूरला तुझा हात गार होता. गांधीनगर म्हटल्याबरोबर घाम आला त्याला. "आकडा बोटंसमां ऱ्हास, माय. भाव हातमां ऱ्हास." साठ वर्षं हे असं चाललं होतं तर. समोरचा बोटांनी काहीही बोलो, हे त्याचा हात ऐकत होते. मी पकडले गेले होते आणि मला लाज वाटायच्या ऐवजी नुसतं थक्क व्हायला होत होतं, याला कुठलं कुलूप पुरणार, कुठलं यंत्र. आणि मग, ते थक्क होणं ओसरायच्या आत, जे आठ दिवस कुणाला म्हटलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. म्हटलं, मी गेले तर तुमच्याकडं कोण बघेल आबा? तुमची ही बोटं. तुम्ही पडलात बिडलात तर. मी तिकडं काय शिकत बसणार? आबांनी रुमालाखाली माझा हात दाबला, जेवढा जोर होता तेवढ्यानं. "हाऊ मना सौदा शे," ते म्हणाले. "तुना नई. तू तुना कर."

मी डाव्या हातानं लॅपटॉप उघडला. मोबाइलचं इंटरनेट जोडलं. शिरपूरचं पान अजून उघडंच होतं, सकाळच्या लाल अक्षरांसह. ते मिटलं. गांधीनगरचं उघडलं आणि बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबले. पाच वाजायला अजून तीन तास होते. थांबायचं काही कारण उरलं नव्हतं, नुसता जीव घाबरत होता. दाबलं. आबांच्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो डाव्या हातानं काढला, लांब धरला, आणि माझ्यापासून वळवून, माझ्यापासूनसुद्धा, ओठ मिटून वाचला. दोनदा वाचला. मग खिशात टाकला आणि डोळे मिटून घेतले. साठ वर्षं भाव लक्षात ठेवलेल्या माणसाला सहा आकडे काय जड. मग रुमालाखाली त्यांचा हात हलला.

चार बोटं. अंगठा. मी डाव्या हातानं चार टाइप केला. एक बोट, तर्जनी, अंगठा. एक. मग पंजा, आणि वर दोन. सात. मग ते अडखळले. तीन बोटं धरली होती की चार, मला कळेना, त्यांची दोन झोपलेली बोटं माझ्या बोटांवर नुसती पडली होती, धरत नव्हती. त्यांनाही ते कळलं. पुन्हा पहिल्यापासून केलं, सावकाश, कपाळावर घाम. तीन. तीन होते. वर ते म्हणत होते, यंदा कापूस चांगला येईल असं लोक म्हणतात, आणि मी म्हणत होते, हो ना आबा. पंजा, आणि वर एक. सहा. अंगठा. पाच आकडे झाले. पडद्यावर शेवटची एक चौकट रिकामी होती आणि घड्याळात चार मिनिटं.

पाचव्यानंतर त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला. कुठलंच बोट नाही, पंजाही नाही, हातात हात फक्त. मी वाट बघितली. मला वाटलं थकले, आठवताहेत. मग त्यांची बोटं एकेक करून सुटली, झोपलेली दोन सर्वांत शेवटी, आणि त्यांनी हात काढून घेतला. रुमालाखाली माझा हात तसाच उघडा राहिला. मी म्हटलं, आबा, अजून एक आकडा राहिलाय. ते बैलांकडं बघत होते. "दिधा ना," म्हणाले. कुठं दिला? पाचच झाले. शेवटचा द्या ना आबा, वेळ संपतोय. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, आणि त्यांचे डोळे भरलेले होते, आणि तोंडावर ते पाहुण्यांसमोरचं हसू होतं, मी अकरा वर्षांची असल्यापासूनचं.

"दिधा ना, माय," ते म्हणाले. "हात सोडी दिधा ना मी."

मी शून्य दाबलं.